बायकोचा काटा काढायला निघालेला नवरा आणि एक नाइटगाउन: 'अ न्यू लीफ' बघाच

आधीच सांगून टाकते, ह्या पिक्चरचा हिरो बायकोचा खून करायचा हे ठरवूनच लग्नाला उभा राहतो. म्हणजे आधी प्रेम होतं, मग भांडणं झाली, मग डोक्यात आलं असलं काही नाही, पहिल्यापासून प्लॅनच तो. आणि तरी 'अ न्यू लीफ' माझ्या आवडत्या रोमँटिक कॉमेड्यांमध्ये पार वरच्या नंबरवर आहे, त्यामुळे ज्यांना एवढं वाचूनच कसंतरी झालं त्यांनी इथूनच सुटावं, राग नाही. शेवटपण सांगणार आहे, पण त्याच्या आधी हाक मारीन.

पिक्चर १९७१ चा, पॅरामाउंटचा, रंगीत, पावणेदोन तासांच्या आत संपतो. लिहिलाय एलेन मेने, दिग्दर्शन तिचं आणि हिरोईनही तीच, आणि मोठ्या अमेरिकन स्टुडिओच्या पिक्चरमध्ये ही तिन्ही कामं एकाच बाईने करायची ती पहिली वेळ, असं म्हणतात. त्याआधी ती आणि माइक निकोल्स दोघं मिळून स्टेजवर कॉमेडी करायचे, १९६० मध्ये त्यांचा कार्यक्रम ब्रॉडवेवर आला आणि गाजला, पुढे निकोल्स स्वतः मोठा दिग्दर्शक झाला. हिरो आहे वॉल्टर मॅथाऊ, ज्याचा चेहरा कायम आत्ताच उशीवरून उचलल्यासारखा चुरगळलेला. हा माणूस खऱ्या आयुष्यात न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत वाढलेला आणि इथे त्याला केलाय जन्मजात पैसेवाला, क्लबात जाणारा, सूट शिवून घेणारा, नोकराने कोट घातल्याशिवाय बाहेर न पडणारा. ऐकून वाटतं की कास्टिंग चुकलं. पण बघायला लागलं की पाच मिनिटांत कळतं की ह्याच्या जागी खरा देखणा, खानदानी दिसणारा कोणी असता तर आपल्याला त्याची चीड आली असती, ह्याची मात्र गंमत वाटते, कारण एवढा आव आणूनही हा आतून घाबरलेलाच दिसतो.

पहिलाच सीन मस्त आहे. मशीनवर ग्राफ हलतोय, माणसं गंभीर चेहऱ्याने बघतायत, आपल्याला वाटतं कोणीतरी सिरीयस पेशंट आहे, वाचतो का जातो, आणि मग कळतं की पेशंट म्हणजे आपल्या हिरोची, हेन्री ग्रॅहमची, फेरारी. वाल्वमध्ये कार्बन साचलाय. ही गाडी सारखी बिघडते आणि हेन्रीला जगातलं एवढं एकच दुःख माहिती असतं, तोपर्यंत तरी. मग त्याचे पैसे सांभाळणारा माणूस त्याला गाठतो आणि सांगतो की साहेब, तुमचे पैसे संपले. उत्पन्नापेक्षा खर्च जास्त, मग मुद्दलाला हात घातला, मग मुद्दलही गेलं, चौथीतल्या मुलाला कळेल असा हिशेब. पण हेन्रीला कळतच नाही. तो बिचारा वेगवेगळ्या तऱ्हेने समजावून सांगतो, हेन्रीचं आपलं एकच, की ते सगळं ठीक आहे हो पण माझा जो चेक परत आला त्याचं काय करायचं. मी हा सीन बघून एवढी हसले आणि नंतर जरा गप्पही झाले, कारण असे काका-मामा आपल्या प्रत्येकाच्या नात्यात एखादे असतात, जमिनीचा शेवटचा तुकडा विकला तरी घरात तसाच थाट. शेवटी डोक्यात प्रकाश पडला की हा बाहेर पडतो आणि आपला शिंपी, आपला क्लब, आपलं हॉटेल, सगळ्यांचा मनातल्या मनात निरोप घेत फिरतो, अगदी कोणी वारल्यासारखा.

आपल्याकडे म्हणतात ना, सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं सोंग आणता येत नाही. हा सगळा पिक्चर म्हणजे एका माणसाने सहा आठवडे पैशाचं सोंग आणायची धडपड आहे. हेन्रीचा नोकर हॅरॉल्ड, जो मालकापेक्षा शहाणा आहे, अत्यंत नम्रपणे सुचवतो की आता लग्न हाच उपाय, आणि मुलगी श्रीमंत पाहिजे. मग हेन्री जातो काका हॅरीकडे, हा जेम्स कोकोने केलाय आणि काय धमाल केलाय, मोठ्ठा खादाड माणूस, पुतण्याच्या अधोगतीचा मनापासून आनंद घेणारा. काका ५०,००० डॉलर देतो, पण सहा आठवड्यांत परत, नाही केले तर हेन्रीकडे जे काय उरलंय ते सगळं काकाचं. झालं, सुरू वधूसंशोधन. आपल्याला हे सांगायलाच नको, स्थळं बघायचा कार्यक्रम तो, कांदेपोहे सोडून सगळं तेच. एक विधवा बाई त्याच्यासमोर बिकिनी सोडायला लागते तर हा असा घाबरून ओरडतो की ती बिचारी जागच्या जागी गार. हेन्रीला बायको नको आहे, मुळात दुसरं माणूसच नको आहे घरात, हे मॅथाऊ नुसत्या मानेच्या हालचालीवरून दाखवतो.

आणि मग एका चहापार्टीत त्याला दिसते हेन्रिएटा लोवेल. एलेन मे स्वतः. वनस्पतीशास्त्र शिकवते, नेच्यांवर म्हणजे फर्नवर काम करते, अफाट श्रीमंत आहे, जगात कोणी नाही, आणि वेंधळी म्हणजे किती वेंधळी, चहाचा कप हातात टिकत नाही, चष्मा टिकत नाही, हातमोजा टिकत नाही. गालिच्यावर चहा सांडते. यजमानीणबाई गालिच्यासाठी जीव टाकतात. परत कप देतात, परत सांडतो. तिथे हेन्री उठतो आणि त्या यजमानीणबाईंना गालिच्याच्या प्रेमावरून असा काही सुनावतो की बास, आणि हेन्रिएटाला घेऊन बाहेर पडतो. तिला वाटतं देव भेटला. आपल्याला माहितीये हा सावज उचलून चाललाय. पण मला दर वेळी शंका येते की तो जो तिथे चिडला तो पूर्ण नाटक करून चिडला की थोडा खरा चिडला? कारण ह्या माणसाला वाईट वागणूक आवडत नाही. खून चालेल, उद्धटपणा नाही. आणि पिक्चरने ह्याचं उत्तर कुठेच दिलेलं नाही.

पुढचं सगळं म्हणजे हेन्रीचे हाल. ही बाई जेवली की अंगावर तुकडे, कपड्याला किमतीचं लेबल तसंच लोंबतंय, आवडतं पेय म्हणजे कसली तरी गोडमिट्ट मलागा वाइन आणि त्यात सोडा नि लिंबू. हेन्री ज्याने आयुष्यभर वाइनचं साल बघून नाक मुरडलं त्याला हे प्यावं लागतं. तो नोकराकडे येऊन रडगाणं गातो की तिला प्रत्येक जेवणानंतर व्हॅक्यूम क्लीनर फिरवून साफ करावं लागतं. आणि हनिमूनला ती डोंगरकड्यावर नेचे शोधत फिरतेय आणि हा सावलीत बसून विषांची माहिती देणारं पुस्तक वाचतोय, दोघं नवरा-बायको आपापल्या अभ्यासात गुंग, किती गोड.

आता तो नाइटगाउन. हा सीन नसता तर मी हा रिव्ह्यू लिहायला बसलेच नसते. हनिमूनची रात्र, हेन्रिएटाने खास ह्या दिवसासाठी ग्रीक पद्धतीचा एक नाइटगाउन घेतलाय, एका खांद्यावरून येणारा वगैरे, आणि घालताना तिने डोकं घातलंय हाताच्या भोकातून. ती तशीच बाहेर येते. हेन्री बघतो. त्याला कळत नाही की काय चुकलंय पण काहीतरी भयंकर चुकलंय एवढं कळतं. मग सुरू होतं ते सोडवणं. हा हात इकडे काढ, नाही तो नाही, दुसरा, आता डोकं खाली घे, थांब, हे कुठलं भोक आहे, तुझी कोपर कुठे आहे, असं किती वेळ चालतं, कोणी म्युझिक टाकलेलं नाही, कॅमेरा उगाच हलत नाही, तोंड वेडंवाकडं करून हसवणं नाही, दोन माणसं आणि एक कापड. ती आतून गुदमरल्या आवाजात सूचना पाळतेय, तो चिडलेला आहे पण ओरडत नाही, एकेक स्टेप सांगतोय. जो माणूस हिला मारायची पुस्तकं वाचतोय तोच हिला तिच्याच कपड्यातून जिवंत बाहेर काढतोय, हे लक्षात आल्यावर माझं हसणं वेगळंच व्हायला लागलं. बेडरूमचा सीन म्हणून ह्याच्याइतका जवळिकीचा सीन मी बऱ्याच सिरीयस प्रेमकथांमध्येसुद्धा बघितलेला नाही, आणि ह्यात साधा किसपण नाहीये.

घरी आल्यावर हेन्रीला कळतं की हिच्या घरात सगळे हिला लुटतायत. घर सांभाळणारी बाई, नोकरचाकर, पगार भलते, बिलं खोटी, आणि वरून वकील, जो इस्टेट बघतो, तो पण त्यातलाच. हिला पत्ता नाही कारण ही नेच्यांमध्ये. आता गंमत बघा, हेन्रीने सगळ्यांना हाकलायलाच पाहिजे कारण हा पैसा उद्या त्याचा व्हायचाय, चोरांनी आपला माल का चोरावा. म्हणून तो बसतो वह्या घेऊन. हिशेब शिकतो. टॅक्स बघतो. ज्याला मुद्दल कळत नव्हतं तो माणूस! सकाळी ती कॉलेजला निघाली की तिच्या कपड्यावरचं लेबल काढतो, तुकडे झटकतो, चष्मा बघतो. हे सगळं करताना त्याच्या डोक्यात खूनच आहे, एक क्षणसुद्धा मन बदललेलं दाखवलेलं नाही, उलट त्याची चिडचिड वाढतच जाते. पण आयुष्यात पहिल्यांदा त्याला काहीतरी काम मिळालंय आणि ते त्याला जमतंय. मला ह्या पिक्चरचं जे आवडतं ते नेमकं हे की प्रेम झालं असं तो कुठेच म्हणत नाही, डोळ्यात डोळे नाहीत, पाऊस नाही, एकमेकांच्या स्वभावातले गुण दिसले वगैरे नाही. रोज एका माणसाची उस्तवार करता करता त्याला त्या उस्तवारीची सवय लागते, आणि सवय लागली हे त्याला स्वतःला सगळ्यात शेवटी कळतं. आपल्या आजीआजोबांच्या पिढीतल्या ठरवून केलेल्या लग्नांत ज्यांनी हे बघितलंय त्यांना मी काय म्हणतेय ते बरोबर कळेल. विजोड जोडपी आपल्याकडे काय कमी होती का, पण आजोबांना विचारलं असतं की आजी आवडते का तर त्यांनी पेपर वर केला असता.

आणि ती काय देते त्याला? एक नेचं. तिचं स्वप्न असतं की कोणालाच माहीत नसलेली जात शोधायची, म्हणजे नाव कायमचं राहतं. ती खरंच सापडते, आणि ती तिला स्वतःचं नाव न देता नवऱ्याचं देते, अल्सोफिला ग्रॅहमी. आणि त्याचा एक नमुना त्याला जवळ ठेवायला देते. हेन्री, ज्याने जन्मात काहीच केलेलं नाही, त्याचं नाव आता पुस्तकात. मॅथाऊचा चेहरा बघा तिथे. काहीच करत नाही तो. खिशात टाकतो.

आता एक गोष्ट बोलायलाच पाहिजे. बायकोला पैशासाठी मारायचं ही आपल्याकडे कॉमेडी नाहीये. पेपर उघडला की आतल्या पानावर चार ओळींची बातमी असते, आणि त्यात कोणी हेन्री नसतो, सासू-दीर असतात. माझी एक मैत्रीण अर्ध्यात उठली, म्हणाली मला नाही बघवत, आणि मी तिला बस म्हणाले नाही. माझं स्वतःचं असं झालं की पिक्चर हेन्रीच्या बाजूने आहे असं मला वाटलंच नाही. एलेन मे त्याला सतत मूर्ख दाखवते, तो खुनाच्या बाबतीतसुद्धा आळशी आहे, आणि ज्या बाईला तो मूर्ख समजतो तिला जगात काय करायचंय ते पक्कं माहिती आहे. पण एक तक्रार आहे. हेन्रिएटाला शेवटपर्यंत कशाचाच संशय येत नाही, एकदाही नाही, एवढी शिकलेली बाई, आणि तिच्या बाजूने एकटीचा असा सीन जवळजवळ नाहीच. ती एकटी असताना कशी असते? लॅबमध्ये पण वेंधळी असते का? मला नाही वाटत. तो एक सीन एलेन मेने स्वतःला द्यायला हवा होता.

आता हाक मारते, शेवट सांगतेय, नको असेल तर पुढचा पॅरा सोडा.

ती त्याला घेऊन जाते ॲडिरॉन्डॅक डोंगरांत, दोघंच, नावेतून, जंगल शोधायला. हेन्रीला ह्याहून सोयीचं काय पाहिजे, साक्षीदार नाही, विष नाही, काही नाही. नाव उलटते आणि तिला पोहता येत नाही. ह्याने काही करायचंच नाहीये, फक्त काही न करता निघून जायचंय, जे काम त्याने आयुष्यभर केलंय. आणि काठावर येतो तर त्याला दिसतं ते नेचं, अल्सोफिला ग्रॅहमी. तो तिला सांगायला वळतो की अगं बघ सापडलं, आणि सांगायला ती नाहीये. एवढंच. परत फिरतो, शिव्या देत, नशिबाला बोल लावत, तिला बाहेर काढतो. वनस्पतीशास्त्रवाले इथे डोक्याला हात लावतील, कारण अल्सोफिला म्हणजे उष्ण प्रदेशातलं झाडासारखं वाढणारं नेचं, ते न्यूयॉर्कच्या थंड डोंगरात कुठून उगवलं, पण आपल्याला एवढ्याने फरक पडत नाही. शेवटी ती विचारते की तू कायम असशील ना, आणि त्याच्या होकारात आनंद कमी, शिक्षा झाल्याचा सूर जास्त. माझ्या नवऱ्याने तिथे विचारलं, ह्यात रोमँटिक काय आहे. मी म्हटलं, ग्लासं उचल आणि ठेव सिंकमध्ये.

ह्या शेवटामागे मोठं रामायण आहे आणि ते कळलं की पिक्चर दुसऱ्यांदा बघायची मजा वाढते. मूळ कथा जॅक रिचीची, 'द ग्रीन हार्ट' नावाची. एलेन मेने जो पिक्चर बनवला तो जवळपास तीन तासांचा होता आणि त्यात हेन्री खरोखर खून करतो, दोन, एक ब्लॅकमेल करणाऱ्याचा आणि दुसरा त्या वकिलाचा, आणि पकडला जात नाही. म्हणजे तिच्या डोक्यात हिशेब असा की खुनाची शिक्षा कोर्ट देणार नाही, शिक्षा म्हणजे आयुष्यभर ह्या बाईबरोबर संसार. पॅरामाउंटचे निर्मितीप्रमुख रॉबर्ट इव्हान्स ह्यांनी पिक्चर तिच्या हातातून काढून घेतला, दोन्ही खून कापले आणि आज आहे तेवढा केला. ती कोर्टात गेली, म्हणाली ह्यावरून माझं नाव काढा. हरली. तिचा तो तीन तासांचा मूळ पिक्चर आजपर्यंत बाहेर आलेला नाही.

मग स्टुडिओने वाट लावली का? हे लिहिताना मला थोडं जड जातंय, कारण बाईचं काम कापणारे प्रोड्युसर हा प्रकार मला मुळीच आवडत नाही, पण जो पिक्चर उरलाय तो कमालीचा घट्ट आहे आणि मला खात्री नाही की तीन तासांत तो नाइटगाउन तेवढा उठून दिसला असता. हो, सांधे दिसतात. वकिलाचं पात्र मधेच येतं, मधेच गायब, जॅक वेस्टनसारख्या नटाला एवढंसं का ठेवलं असं वाटत राहतं, आता कळतं की त्याचा खूनच कापला गेलाय. उत्तरार्धात दोन-तीन ठिकाणी सीन जरा लवकरच तुटतो. पण हेन्री खरा खुनी असता तर शेवटी तो परत फिरतो त्याचा अर्थ पार बदलला असता, आणि कोणास ठाऊक, कदाचित जास्त भारी झाला असता. अमेरिकन समीक्षक रॉजर एबर्टने तेव्हाच ह्याला चारपैकी चार स्टार दिले होते. २०१९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जपून ठेवायच्या पिक्चरांच्या यादीत, त्याचं नाव गेलं, आणि एलेन मेला २०२२ मध्ये मानद ऑस्कर मिळालं, नव्वदीच्या उंबरठ्यावर.

ज्यांना हा आवडेल ते लगेच विचारतात की असंच आणखी काय आहे, आणि सगळे एकच नाव सांगतात, 'हॅरॉल्ड अँड मॉड'. गंमत म्हणजे तोही १९७१ चाच आणि तोही पॅरामाउंटचाच. म्हणजे ज्या कंपनीने आदल्याच डिसेंबरात 'लव्ह स्टोरी' काढून अख्ख्या जगाला रडवलं आणि गल्ला भरला, त्याच कंपनीने पुढच्या बारा महिन्यांत हे दोन नमुने बाजारात आणले. 'हॅरॉल्ड अँड मॉड' दिग्दर्शक हॅल ॲशबीचा, कॉलिन हिगिन्सने शिकत असतानाच लिहिलेला. विशीतला पोरगा, श्रीमंत, आईला घाबरवायला रोज खोट्या आत्महत्येचं नाटक करणारा, अनोळखी लोकांच्या अंत्यविधीला जाणारा, आणि तिथेच भेटलेली ८० ला टेकलेली मॉड, गाड्या पळवणारी. आईने दिलेली जग्वार कापून तो तिची शववाहिका बनवतो तो सीन तर फुल टू. रूथ गॉर्डनने मॉड केलीये आणि ती पडद्यावर आली की बाकीचे फिके.

पण खरं सांगू, मला हा 'अ न्यू लीफ'च्या खालीच वाटतो. त्यात जगण्याचे धडे फार दिलेत, मॉड दर थोड्या वेळाने काहीतरी सुविचार म्हणते, वर कॅट स्टीव्हन्सची गाणी, गाणी सुंदरच आहेत पण ती सारखी आपल्याला सांगतात की आता इथे छान वाटून घ्या. मला पटलेली एकच जागा, मॉडच्या हातावर गोंदलेला नंबर, छळछावणीतला, सेकंदभर दिसतो आणि कोणी त्यावर अक्षर बोलत नाही. ती सगळी मस्ती कुठून आली ते तेवढ्यात कळतं. तसे आणखी चार सेकंद असते तर मी पण भक्तमंडळात गेले असते. एबर्टने ह्याला दीडच स्टार दिला होता, तो जरा अतिच झाला. सुरुवातीला आपटलेला हा पिक्चर नंतर कॉलेजच्या पोरांनी डोक्यावर घेतला, मिनेसोटातल्या एडायना गावात वेस्टगेट थिएटरला तो दोन वर्षांहून जास्त चालला, इतका की गावातले लोक बोर्ड घेऊन बाहेर उभे राहिले की आता तरी दुसरा लावा. आत्महत्येचा विषय जवळचा असेल तर हा मात्र जपून बघा, किंवा नकाच बघू, विनोदी असला तरी सुरुवातीचे सीन अंगावर येतात.

'द वॉर ऑफ द रोझेस' पण लोक ह्याच यादीत टाकतात, १९८९ चा, डॅनी डेव्हिटोचा, घटस्फोटात घर कोणाचं ह्यावरून नवरा-बायको एकमेकांचा जीव घ्यायला उठतात. चांगला आहे, झुंबराचा सीन लक्षात राहतो, पण परत बघावासा वाटत नाही. वर्षानुवर्षं जमलेलं जोडपं विजोड होताना बघणं वेगळंच जड जातं.

'अ न्यू लीफ' बघायचा कुठे? ॲपवर हा कधी असतो कधी नसतो, भाड्याने मिळाला तर लगेच घ्या. डिस्क घेणार असाल तर ऑलिव्ह फिल्म्सची ब्लू-रे होती, २०१७ ची जी सिग्नेचर एडिशन आहे ती मिळाली तर तीच घ्या, एडिटिंगची सगळी भानगड त्यातल्या मुलाखतीत आहे. फक्त रीजन, म्हणजे डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेयरवर चालते ते, बघून घ्या हं, अमेरिकन ब्लू-रे रीजन एच्या असतात आणि आपण पडतो सीमध्ये, साध्या प्लेयरवर लावली तर नुसता मेसेज बघत बसाल. आणि सबटायटल लावाच, इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी, कारण मॅथाऊ अर्धे जोक ओठातल्या ओठात मारतो आणि एलेन मे वाक्य पूर्ण करेल ह्याची खात्री नाही. घरात लहान मुलं असतील तरी अडचण नाही, रक्त नाही, शिव्या जवळपास नाहीत, फक्त बाबा त्या काकूंना का मारणार आहेत ह्याचं उत्तर तयार ठेवा.

माझे पाचपैकी साडेचार, अर्धा त्या न दिलेल्या लॅबच्या सीनसाठी कापलाय. हा झाला की एलेन मेचाच पुढचा, १९७२ चा 'द हार्टब्रेक किड' शोधा, त्यात कोणी कोणाला मारत नाही पण हनिमूनवर असतानाच नवरा दुसरीच्या मागे लागतो, बायकोच्या तोंडाला अंड्याचं सॅलड लागलेलं बघून त्याचा चेहरा कसा होतो ते बघा, आणि ती बायको केलीये एलेन मेच्याच मुलीने, जीनी बर्लिनने, ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं तिला. अडचण एवढीच की त्याचे हक्क कसे कोण जाणे एका औषध कंपनीकडे जाऊन पडले आणि वर्षानुवर्षं तो धड कुठे मिळतच नव्हता, त्यामुळे एखाद्या फिल्म क्लबने लावलाय असं कळलं तर ऑफिसला दांडी मारा.